पेवातलं सासर

पहिली वेलांटी कुठं द्यायची आणि दुसरी कुठं, हे मला चौथीत असतानाही नीट उमगलं नव्हतं. आता तर हातही थरथरतो. ओळ सरळ निघते आणि शेवटाला जाईपर्यंत खाली घसरते. हे कागद कुणाच्या हाती पडलेच तर चुका पदरात घ्याव्यात. कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. सुगी आली आहे, मला भीती वाटते आहे, आणि भीती वाटली की हात रिकामा ठेवू नये असं माझी माय सांगायची. निवडणं-टिपणं आता डोळ्यांना होत नाही. म्हणून लिहिते.

बाहेर ज्वारीची काढणी चालली आहे. ओळीनं वाकलेल्या बाया ताटं मुळासकट उपटतात, बुडाची माती पायावर आपटून झाडतात, तो धप्‌धप् आवाज शिवारातून घरापर्यंत येतो. वाळल्या पानांची सळसळ येते. कडब्याचा गोडसर वास येतो. तेरणा नदीच्या अंगानं सकाळी धुकं उठतं आणि ऊन चढेपर्यंत विरून जातं. सगळ्यांना हे दिवस आवडतात. घरात दाणा येणार, लेकी माहेरी येणार, पोरं कडब्याच्या गंजीवर लोळणार. मी मात्र या दिवसांत दाराकडं पाठ करून बसत नाही.

सुगी म्हटलं की मला ऊन आठवत नाही, अंधार आठवतो. जमिनीखालचा, गोल, कोमट अंधार, आणि त्यात कुबट ज्वारीचा वास.

आताच्या पोरांनी पेव बघितलेलं नाही. वरून बघावं तर जमिनीत मोठ्या परातीएवढं तोंड, माणूस अंग चोरून उतरेल इतकंच. आत मात्र ते रांजणासारखं फुगत जाई. भिंती चिखलानं लिंपायच्या, आत कडबा पेटवून त्या भाजून काढायच्या, तळाला भुसा, कडेनं कडबा, मधे ज्वारी. तोंडावर दगडाची चीप आणि चिपेवर माती. पुढं पाऊस पडो नाही तर न पडो, दाणा आत निजलेला असायचा. पेव उघडलं तरी लगेच कुणी उतरायचं नाही. आत वाफ कोंडलेली असते. तिच्यात माणूस हूं का चूं न करता मरतं. म्हणून आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं. विझला तर तोंड उघडं टाकून वाट बघायची.

आमच्या घरात आणखी एक नेम होता. पेवात उतरलेल्या माणसानं खाली असताना दाणा तोंडात टाकायचा नाही. दाणा वर आणायचा, सुपात पसरायचा, त्याला ऊन दाखवायचं, मग तो आपला. ऊन न दाखवलेला दाणा खालच्याचा. हा खालचा कोण, ते कुणी सांगत नसे. विचारलं तर माय म्हणायची, “नेमाला कारण लागत न्हाय.”

मागच्या पंधरवड्यात शालन आली होती. शालन माझी भाची, धाकट्या भावाची लेक, धाराशिवला हायस्कुलात शिकवते. आली की मला काहीतरी वाचून दाखवते. मी शेंगा सोलत होते. ती म्हणाली, “आत्या, ही बघ कसली गोष्ट हाय. लई जुनी, ग्रीक लोकांची. यवन म्हणायचे त्यांना आपल्याकडं.”

एक पोर फुलं तोडत होती. जमीन फाटली आणि जमिनीखालचा राजा तिला घेऊन गेला. तिची आई पिकांची देवी. तिनं रडून रडून पीक उगवायचं थांबवलं. तेव्हा देवांनी पोरीला परत आणायचं ठरवलं, पण तिनं खाली असताना डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, म्हणून तिला पूर्ण सुटता आलं नाही. वर्षातले काही महिने खाली, काही वर.

शेंग माझ्या हातातच राहिली.

“डाळिंबाचे नसतील,” मी म्हणाले.

शालन हसली. “तू बघायला गेली व्हतीस काय गं आत्या?”

मग तीच पुढं सांगत राहिली, की हे लोक जुन्या काळी गलबतांतून उतरून थेट आपल्या तेरपर्यंत व्यापाराला यायचे, पांढरीत त्यांच्या वस्तू अजून सापडतात. मला ते नवीन नव्हतं. आमचं गाव तेरच्या शेजारचंच. पांढरी म्हणजे गावाखालचं जुनं गाव, पांढऱ्या मातीचं टेकाड. नांगर जरा खोल गेला की शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात, कुठं मणी, कुठं हातभर लांब वीट, कुठं नुसती राख. पाणी मुरत नाही म्हणून आमचं पेव तिथंच, खळ्याच्या कडेला खणलेलं होतं. म्हणजे आमची ज्वारी त्या लोकांच्या घरांत निजत होती. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

मला आठवते ती सुगी पोलिस ॲक्शनच्या आधीची. राज्य निजामाचं, बाजारात त्याचाच हाली रुपया, आणि गावोगाव हत्यारं घेतलेल्या टोळ्या घोड्यांवरून फिरत. कुठलं गाव जाळलं, कुठल्या घरातली पोर नेली, एवढंच बोलणं, तेही भिंतीला तोंड लावून. येडशीच्या ठेसनावरून गाडीची शिट्टी वाऱ्यावर आली तरी बाया हातातलं टाकून उभ्या राहत. माझा बाप धाकट्या भावाला घेऊन हद्दीपलीकडं बार्शीच्या अंगाला गेला होता. खूप घरांतले पुरुष तसे गेले होते. मलाही नेणार होते, पण वाटेवर पहारे बसलेले आणि वयात आलेली पोर घेऊन रानातनं जायचं धाडस बापाला झालं नाही. माय तर जायला तयारच नव्हती. “उभं पीक टाकून म्या कुठं जाऊ? माझी लेकरं काय वारा खाऊन जगत्याल?”

मागं राहिलो माय, मी आणि तात्या. तात्या बापाचे चुलतभाऊ, गुडघ्यानं अधू, जिभेनं तरतरीत. मी तेव्हा सोळा-सतराची असेन आणि कुणाशी बोलत नसे. लाजाळू म्हणावं तर त्याहून जास्त. पाहुणा आला की मी कणगीमागं. मला बोलायचं नव्हतं असं नाही, माझ्या मनात दिवसभर बोलणं चाललेलं असायचं, पण समोर माणसाचं तोंड दिसलं की शब्द आत पळून जायचे. तात्या म्हणायचे, “वहिनी, ही पोर पेवात ठिवली तर पेवाला बी कळायचं न्हाय आत कोन हाय त्ये.”

बोलून गेले आणि तेच झालं. नवी ज्वारी अजून भरायची होती, म्हणून पेव रिकामं करून, लिंपून, भाजून ठेवलेलं. मायनं ठरवलं, टोळी आली की मला तिथं उतरवायचं.

टोळी आली हे कळायचं हुसेनचाचांमुळं. ते पिंजारी, त्यांचं घर वेशीबाहेर रस्त्याला लागून. सगळ्या गावाच्या गाद्या त्यांनीच भरलेल्या. रस्त्यावर धूळ दिसली की ते कापूस समोर नसतानाही पिंजायची कमान वाजवायचे. तांय, तांय, तांय. तो आवाज आला की मी हातातलं टाकून पेवाकडं पळायचे. आजही कुठं तार झणकारली की माझे पाय आधी ओळखतात, मग मी.

पहिल्यांदा उतरले तेव्हा तात्यांनी कंदील सोडून बघितला, तो जळत राहिला. मी खोबणीत पाय देत खाली गेले. वर चीप सरकली. एक फट ठेवली होती, तिच्यावर मायनं कडब्याची पेंढी टाकली आणि शेजारी ज्वारी उपणत उभी राहिली. उजेडाचा एक धागा होता, तोही गेला. वर टापा ऐकू आल्या. माणसांचे आवाज, तात्यांचं लाचार हसणं, वैरण टाकल्याची सळसळ. मी भिंतीला पाठ लावून बसले. भाजलेल्या मातीचा वास, राखेचा वास, आणि कडेच्या जुन्या दाण्यांचा आंबूस वास.

तेव्हा माझ्या डाव्या अंगानं कुणीतरी विचारलं, “वर काय करतायत?”

मला किंचाळता आलं नाही. किंचाळले असते तर वरच्यांना ऐकू गेलं असतं. वर ते, खाली हा, आणि माझं तोंड माझ्याच हातानं दाबलेलं. त्या वेळची भीती मला अजून नीट सांगता येत नाही. 

आवाज पुरुषाचा होता. कोवळा होता. आणि जरा अडखळणारा, दुसऱ्या मुलखातल्या माणसानं आपली बोली कानानं शिकून घ्यावी तसा. त्यानं पुन्हा तेच विचारलं. त्यात दमदाटी नव्हती, घाई नव्हती. बाहेर न गेलेलं दुखणाईत माणूस विचारतं ना, आज बाजार होता का, तसं.

“उपणतायत,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

आणि मी सांगायला लागले. की माय सूप उंच धरते, की वारं आलं की दाणा सरळ खाली पडतो आणि भूस लांब उडून जातं, की त्या भुसात ऊन शिरलं म्हणजे सगळं खळं सोन्याच्या धुरानं भरतं. कुणासमोर मी एका वेळी एवढे शब्द कधी बोललेच नव्हते. समोर तोंड नव्हतं ना. नुसता अंधार, आणि अंधारात कुणीतरी श्वास रोखून ऐकतंय.

मला वर काढलं तेव्हा मायनं विचारलं, “भ्यालीस?” मी मान हलवली. खरंच भ्याले होते. पण कशाला, ते सांगितलं नाही.

पुढं टोळ्या येत राहिल्या आणि मी उतरत राहिले. दरवेळी वाटायचं, आज तो नसेल, मला भ्रम झाला असेल. आणि दरवेळी तो असायचा. त्याच्या अंगाची ऊब कधी लागली नाही. उलट तो जवळ आला की पावसाळ्यात माठाला हात लावावा तसा गारवा यायचा. तो विचारायचा, मी सांगायचे. पोपट कणसावर कसे उलटे लटकतात. गोफण सुटली की दगड कसा बोलतो. तेरणेच्या वाळूत झरा काढला की पाणी कसं आधी गढूळ येतं, मग निवळतं. एकदा त्यानं विचारलं, “ऊन अंगाला लागतं म्हणजे काय होतं?” मी खूप विचार केला. म्हणाले, “कुणीतरी आपल्याकडं बघतंय असं वाटतं.” तो जरा जवळ सरकला. मग म्हणाला, “मला आता तसं वाटतं.”

एवढंच. याहून गोड कुणी मला काही बोललेलं नाही. मी भीत होते आणि पुढच्या वेळची वाट बघत होते. हुसेनचाचांची कमान वाजली की गाव थरथरायचं, आणि मीही थरथरायचे, पण माझ्या थरथरण्यात आणखी काहीतरी मिसळायला लागलं होतं. गावावर संकट यावं असं मला वाटायला लागलं होतं का? हा प्रश्न मी आजवर स्वतःला नीट विचारलेला नाही. विचारायची हिंमत होत नाही.

एका खेपेला त्यानं माझा हात धरला, तळवा उघडला, आणि त्यात काही दाणे ठेवले. जुन्या ज्वारीचे, लिंपताना कुठल्या फटीत राहून गेलेले असतील. गार आणि जड. नेम मला ठाऊक होता. भूक लागली होती असं मी लिहू शकते, पण लागली नव्हती. त्यानं “खा” म्हटलंही नाही. मी खाल्ले. आंबूस होते, जिभेवर जरा झोंबले, आणि मग सगळं अंग आतून शांत झालं.

त्या दिवसापासून वरची चव गेली. भाकरी राखेसारखी लागायची. ऊन डोळ्यांत सुया टोचायचं. माझा हात मायच्या हाताला लागला की ती दचकायची. तात्या म्हणाले, “पोरगी पांढरी पडली ओ वहिनी, देवऋष्याला दाखवा.” मायनं त्यांना गप्प केलं. त्या दिवसांत वयात आलेल्या पोरीचं नाव चार तोंडांत जाणं टोळीपेक्षा कमी वाईट नव्हतं.

मायला मात्र कळलं होतं. ते कसं, ते तिनं नंतर सांगितलं. ती चिपेशेजारी उपणत उभी होती, घोडी पलीकडं आडावर गेली होती, खळं शांत होतं, आणि जमिनीतून हसू आलं. माझं हसू. तिनं माझं हसणं लहानपणानंतर ऐकलंच नव्हतं. “आदुगर लई गोड वाटलं गं मला,” ती म्हणाली. “मग सूप हातातनं गळालं.”

रात्री चुलीपुढं तिनं मला विचारलं, “गोदे, खाली कुनाशी बोलतीस?”

मी चुलीत बघत राहिले.

“खाली खाल्लंस?”

मी मान हलवली. मायनं कपाळाला हात लावला नाही, रडली नाही, मला मारलं नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि ती जळेपर्यंत तशीच ठेवली. मग म्हणाली, “आता पुन्यांदा तुला उतरवायची न्हाय. उतरलीस तर तू वर येत न्हाईस. माझ्या पोटाला कळतंय त्ये.”

माझ्याही पोटाला कळत होतं. तोही हल्ली वरचं कमी विचारायचा. मागच्या खेपेला म्हणाला होता, “इथं राहिलीस तर तुला लपावं लागणार नाही.” मला निघताना पाय उचलवत नव्हते.

मायनं मला तेरच्या एका ओळखीच्या घरी पोचवायचं ठरवलं. पण दुसऱ्याच दिवशी, ऐन दुपारी, खळ्यावर मळणी चाललेली असताना कमान वाजली. नेहमीसारखी नाही. जोरानं, न थांबता, आणि मग एकदम बंद. (हुसेनचाचांना त्या दिवशी मारलं. हात तुटला त्यांचा. पुन्हा त्यांनी कमान धरली नाही.) पळायला वेळ नव्हता. तात्यांनी कंदील न सोडताच चीप सरकवली. मायनं मला बघितलं, पेवाकडं बघितलं, आणि पदर खोचला.

“म्या बी उतरते.”

“अवो वहिनी,” त्या घाईतही तात्या म्हणाले, “पेवाचं तोंड बघा आन् सोताकडं बघा. मधीच अडकलाव तर बूच बसंल!”

“तुमी वरनं ढकला,” माय म्हणाली.

माय अंगानं दणकट होती. खांदे खरचटले, बांगड्या फुटल्या, पण ती उतरली. तिच्या हातात खळ्यावरची तेलाची चिमणी होती, ती तिनं पेटती ठेवली. चीप बसली. आणि टोळी आली ती थेट खळ्यावरच. घोडी बांधली, कडब्याच्या पेंढ्या ओढून पेवाच्या तोंडावरच रचल्या, त्यावर माणसं पसरली. फट बुजली. आम्हांला त्यांचं खोकणंसुद्धा ऐकू येत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. चिमणीची ज्योत आधी पिवळी होती, मग तांबूस झाली, मग वातीला चिकटून निळी बसली. माय तिच्याकडं बघत होती. तिला सगळं कळत होतं. ओरडावं तर वर ते. न ओरडावं तर वाफ. ज्योत गेली.

मायचा श्वास घरघरायला लागला. आणि डाव्या अंगानं गारवा आला.

“आला,” मी म्हणाले.

माय मुरूमकडची. घाबरली की तिच्या तोंडात माहेरची कानडी यायची. “यारू?” ती कुजबुजली. कोण? मग तिनं माझा हात घट्ट धरला, पदर डोक्यावर घेतल्याची सळसळ झाली, आणि माझी माय त्या काळोखाशी बोलायला लागली. आवाज कापत होता, पण शब्द ठाम.

“जावईबापू, म्या गोदीची माय. हात रिकामा हाय, रागाला येऊ नका. सोयरीक तुमी मानसं न बोलावता केली, देणं न्हाय, घेणं न्हाय, त्ये म्या काडत न्हाय. लेकीनं तुमच्या घरचं खाल्लं, ती तुमची. व्हय, तुमचीच. पर आज म्या मुराळी होऊन आले. सुगीचे दिस हायत. लेकीला माहेराला न्यायला माय सोता दारात आली तर न्हाय म्हननारं घर म्या अजून बघितलं न्हाय. तुमचं घर तसलं असंल तर सांगा.”

आमच्याकडं ही रीत कुणी मोडत नाही. सासू कितीही खाष्ट असो, नवरा कसाही असो, माहेरचं माणूस न्यायला आलं की लेकीला पाठवावंच लागतं. मायला दुसरं काही ठाऊक नव्हतं. मंत्र नाही, तंत्र नाही. तिच्याजवळ ही एक रीत होती, तीच तिनं पुढं केली.

गारवा माझ्या अगदी तोंडाजवळ आला. त्यानं मला विचारलं, मायला नाही, “कधी येशील?”

मी बोलणार होते. काय बोलणार होते, ते मला आजही माहीत आहे आणि मी लिहिणार नाही. मायनं माझा हात इतका दाबला की हाड कुरकुरलं. तिला त्याचा प्रश्न ऐकू आला की नाही, तिनं कधी सांगितलं नाही. पण उत्तर तिनं दिलं.

“माहेरी आलेल्या लेकीला आमी धाडत न्हाय. सासरच्यानं न्यायला यायचं असतं. तुमी या. सांगून या, उजेडी या, वरल्या दारानं या. तोवर ती माझी.”

 माझ्या कानांत भिंगऱ्या फिरत होत्या, माय माझ्या खांद्यावर कलंडली होती. मग तो म्हणाला, “बरं.”

एका शब्दात इतकं दुःख मावतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

डाव्या बाजूची भिंत ढासळली. लिंपण निघालं, मागं जुन्या विटा होत्या, त्याही आत कोसळल्या, आणि त्या भगदाडातून वारं आलं. खालून. जमिनीच्या पोटातून. गार, ओलं, खारट वारं. आम्ही दोघींनी त्या भोकाला तोंडं लावली आणि पाणी प्यावं तसं ते प्यालो. टोळी निघून जाईपर्यंत आम्ही तशाच होतो. तात्यांनी चीप काढली तेव्हा त्यांना वाटलं होतं, दोन मढी काढायची आहेत. पांढरीत जुनं भुयार असेल, मोरी असेल, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. असेलही. तो खारट वास मात्र मला कळेना. पुढं खूप वर्षांनी शालननं मला कोकणात नेलं, गाडीतून उतरले, समुद्र अजून दिसलाही नव्हता, तोच वास आला आणि मी रस्त्यातच खाली बसले.

माझी चव हळूहळू परत आली. पावसाळा सरता सरता पोलिस ॲक्शन झालं, बाप आणि भाऊ परत आले, पेव बुजवून टाकलं. मला स्थळं यायला लागली. माय प्रत्येक स्थळात काही ना काही खोट काढायची. एकदा बाप चिडून म्हणाला, “लेकीला जन्मभर घरात बसवनार हायस का?” माय शांतपणे म्हणाली, “माहेरी आलीया. राहू द्या.” बापाला वाटलं, बाई बिथरली. पण तिनं शब्द दिला होता, आणि माझी माय दिलेल्या शब्दावर दुसरी सोयरीक करणारी नव्हती.

गावात सगळ्या जणी सासरी गेल्या. सुगीला, पंचमीला माहेरी यायच्या, दोन दिवस हुंदडायच्या आणि डोळे पुसत परत जायच्या. मला कुणी न्यायला आलं नाही. मी अजून माहेरीच आहे. हे ऊन, हे खळं, भावाचं घर, शालनचं हसू, ही विहिरीवरची गर्दी, सगळं माझं माहेरपण. इतकं लांबलेलं माहेरपण कुणाच्या वाट्याला आलं असेल? आणि माहेरपणाला लागून असते तशी भीतीही आहेच. दुपारच्या उन्हात दारात अनोळखी माणूस उभं राहिलं की मी आधी त्याच्या पायांकडं बघते, सावली पडली आहे का. एकदा कुणी परगावचा पाहुणा पाणी मागायला आला, जरा अडखळत बोलला, आणि माझ्या हातून तांब्या पडला. तो बिचारा गुलबर्ग्याकडचा बैलांचा व्यापारी निघाला.

तो येईल याची भीती. आणि, लिहितेच आता, तो येणार नाही याचीही. पेवं तर सगळीच बुजली. तो कुठल्या वाटेनं येणार, आणि अंधारात कोण त्याला वरचं सांगत असेल?

माय गेली तीही सुगीतच. महिनाभर अंथरुणावर होती. जायच्या आदल्या दिवशी तिनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला जवळ बसवलं. तोंडात दात नव्हते, पण बोलणं स्वच्छ होतं.

“गोदे, त्या वक्ताला घाई झाली. घर न बघता तुला दिली. त्ये माझ्या जिवाला लागून राहिलंय. कुठली बी माय आदुगर घर बघती, मानसं बघती, चूल-पानी बघती, मग लेक देती. आता म्या जाते म्होरं. बघते कसं हाय.”

मी रडत होते. ती म्हणाली, “रडू नको, ऐक. वंगाळ घर असंल तर म्या निरोप धाडीन. कसा बी धाडीन. मग तू येडशीच्या रामलिंगाच्या पायाशी जाऊन बस, पर त्याच्यासंगं जाऊ नको.”

“आणि चांगलं असलं तर?”

माय जराशी हसली. “चांगल्या घरातनं निरोप धाडायला सवड कुनाला असती गं?”

ती गेल्यावर तिच्या गाठोड्यात एक हिरवं लुगडं निघालं. कधीतरी मुरूमच्या बाजारातून आणून ठेवलेलं, कोरं. तिनं ते मला कधी दाखवलं नव्हतं, आणि मीही ते कधी नेसले नाही.

त्याला किती सुग्या झाल्या. मी दरवर्षी कान देऊन बसते. दाराची कडी वाजली, चूल फुरफुरली, मांजर उगीच एका कोपऱ्याकडं बघत राहिलं, की वाटतं, हा मायचा निरोप. पण मग कडीला शेजारीण असते, चुलीत ओलं लाकूड असतं, कोपऱ्यात उंदीर असतो. मायकडून वाईट निरोप अजून आलेला नाही.

भीती गेलेली नाही, खोटं कशाला लिहू. आत्ताही बाहेर काढणीचा धप्‌धप् आवाज थांबला आहे, बाया जेवायला बसल्या असतील, आणि दारातलं ऊन फार स्वच्छ पडलं आहे. पण काल मी ते हिरवं लुगडं बाहेर काढलं. घडी मोडली. खांद्यावर टाकून बघितलं.